हिम, हिंव आणि हिवाळा

सोलापुरांत वाढलेल्या माणसाला बर्फ म्हटला कीं उन्हाळा आठवतो. चैत्र संपतां संपतां रस्त्याच्या कडेला गोळेवाल्यांच्या गाड्या उभ्या राहतात. भुशांत आणि गोणपाटांत गुंडाळलेली लादी किसली जाऊं लागते. आणि तांबडा-हिरवा रस ओतलेला तो गोळा तोंडापर्यंत पोंचण्यापूर्वींच अर्धा वितळून कोपरापर्यंत ओघळतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हांत ज्याची पहिली ओळख झाली, तो पदार्थ थंडीचें लक्षण आहे, हें आमच्या बालबुद्धीला कसें पटावें? शाळेंत हिमवर्षावावरील इंग्रजी धडा शिकवितांना आमच्या गुरुजींना जे कष्ट पडत, ते आठवले म्हणजे आज हसूं येतें. "तेथें आकाशांतून बर्फ पडतो," असें त्यांनीं सांगतांच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग माणसांचीं डोकीं फुटत नाहींत का, गुरुजी?" लादीचा बर्फ पाहिलेल्या मुलाचा हा प्रश्न अगदीं रास्त होता. आकाशांतून पडणारें घनरूप पाणी आम्हांस ठाऊक होतें तें गारांचें. आणि गारा म्हणजे कौतुकाचा विषय नव्हे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत ज्यांनीं ह्या जिल्ह्यांतील द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागा गारपिटीनें झोडपलेल्या पाहिल्या, त्यांस आकाशांतून बर्फ पडण्यांत कांहीं काव्य आहे असें सांगून पाहावें!

आणि तरीही आमच्या भाषेनें हिमाची आठवण टाकलेली नाहीं. 'बर्फ' हा शब्द फारसींतून आलेला. परंतु 'हिवाळा' ह्या घरगुती शब्दाच्या पोटांत संस्कृत 'हिम' दडून बसलेलें आहे. आमच्या आज्या "हिंव वाजतें" म्हणत; थंडी वाजून येणाऱ्या तापास आपण हिंवताप म्हणतों. ज्यांच्या सात पिढ्यांनीं हिम डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, ते लोक दर वर्षीं चार महिने त्याचें नांव घेतात, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. फरक इतकाच कीं, उत्तरेकडे हिम अंगणांत पडतें आणि आमच्याकडे तें अंगांत भरतें.

डोळ्यांना मात्र हिमाच्या जागीं आम्हीं कापूस दिला. नाताळच्या दिवसांत वर्गांत झाड उभें करीत आणि त्याच्या फांद्यांवर कापसाचे पुंजके ठेवीत. हा कापूस विकत आणावा लागत नसे. गिरणींत काम करणाऱ्या कोणा ना कोणाचा मुलगा तो खिशांतून घेऊन येई. सोलापूर हें तेव्हां खरोखरीच गिरण्यांचें गांव होतें. १८७७ सालीं निघालेली आणि आतां केव्हांच बंद पडलेली 'जुनी गिरणी' म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांत अजून चालू असते. पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांच्या केसांवर, भिवयांवर आणि सदऱ्यांवर कापसाची बारीक तूस बसलेली असे. पुढें पुष्कळ वर्षांनीं खरें हिम माझ्या बाहीवर पडलें, तेव्हां मला प्रथम त्या केसांचीच आठवण झाली.

तो योग असा आला. माझ्या पुतण्यास सिमल्यास नोकरी लागली होती. पहिल्याच हिवाळ्यांत त्याचें पत्र आलें कीं, "काका, जानेवारींत या, पाहण्यासारखें असतें." आमच्या वहिनींनीं त्याच्यासाठीं कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि दोन नव्या सोलापुरी चादरी बांधून दिल्या. "पोरगें थंडीनें काकडत असेल," हा त्यांचा घोष स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत चालला होता. कालक्याहून वर जाणारी लहान आगगाडी १९०३ सालीं सुरू झाली. शंभराहून अधिक बोगद्यांतून ती ज्या संथपणें चढते, त्या संथपणाबद्दल तिला दोष देणारे लोक मला आवडत नाहींत.

पुतण्या संजौली भागांत एका वृद्ध बाईंच्या घरीं वरच्या मजल्यावर राहत असे. पहिले दोन दिवस कोरडेच गेले. तिसऱ्या दिवशीं दुपारपासून आभाळ भरूं लागलें आणि संध्याकाळीं वारा अगदीं पडला. घरमालकीण बाई अंगणांत उभ्या राहून, आमच्याकडे शेतकरी मृगांत पाहतो तशा आभाळाकडे पाहत होत्या. "आज रातको गिरेगी," एवढेंच त्या म्हणाल्या आणि बाहेरचीं लांकडें ओढून आंत घेऊं लागल्या.

पहांटे मला जाग आली ती कसल्याशा आवाजानें नव्हे. आवाज नसल्यामुळें आली असें म्हणणें अधिक खरें होईल. रात्रभर भुंकणारीं कुत्रीं, चढावर कण्हत जाणाऱ्या मोटारी, पन्हाळींतून ठिबकणारें पाणी, सारें एकाएकीं थांबलें होतें. खोलींत दिवा नव्हता, सूर्य उगवला नव्हता, आणि तरीही छतावर एक फिकट निळसर उजेड पसरला होता. उजेड वरून खालीं येतो, एवढें तरी ज्ञान मला होतें. हा उजेड खालून वर येत होता! मी खिडकीशीं गेलों. रात्रीं अंगणांत एक लोखंडी खुर्ची, एक बादली आणि खालीं उतरणारा दगडी जिना होता. आतां तेथें दोन पांढरे उंचवटे आणि एक पांढरी उतरंड होती. समोरच्या देवदारांनीं आपल्या फांद्या खालीं केल्या होत्या, जणूं कोणीं त्यांच्या हातांवर धुतलेल्या धोतरांच्या घड्या ठेवल्या आहेत. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं मला आनंद झाला नाहीं. किंचित् भय वाटलें. काल पाहिलेलें गांव कोणीं न विचारतां उचलून नेलें होतें.

ही जी शांतता, तिचें कारण मागाहून समजलें. ताज्या हिमांत हिमापेक्षां हवाच फार असते. दहा बोटें जाड थर वितळविला तर ढोबळमानानें बोटभर पाणी हातीं लागतें. त्या असंख्य पोकळ्यांत आवाज शिरतो तो बाहेर येत नाहीं. कापसाच्या गांठींनीं भरलेल्या गोदामांत आपण बोलूं लागलों तर शब्द तोंडापुढेंच विझतात, हें ज्यांनीं अनुभवलें असेल त्यांस अधिक सांगणें नको.

"काका, टोपी घाला आधीं," असें पुतण्या ओरडत असतांनाच मी अंगणांत उतरलों. पाय घोट्याच्या वर बुडाला. हातांत घेतलें तर वजन म्हणून नाहीं; मुठींत दाबलें तर ज्वारीचें पीठ दाबल्यासारखा करकर आवाज. तोंच पुन्हां थोडें हिम पडूं लागलें आणि माझ्या काळ्या बाहीवर एकेक कण येऊन बसूं लागला. चश्म्याजवळ नेऊन पाहतों तों प्रत्येकास सहा पाकळ्या; पांच नाहींत, सात नाहींत. हें सहाचें कोडें केप्लर नांवाच्या ज्योतिर्विदानें १६११ सालीं एका छोट्या पुस्तकांत मांडलें होतें. पाण्याचे सूक्ष्म कण गोठतांना एकमेकांशीं षट्कोनांतच कां रचले जातात, याचा उलगडा होण्यास पुढें तीनशें वर्षें लागलीं. अमेरिकेंत व्हरमाँट परगण्यांतील बेंटली नांवाच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें १८८५ सालीं सूक्ष्मदर्शकास छायाचित्रयंत्र जोडून अशा एका कणाचें पहिलें चित्र घेतलें. पुढें साऱ्या जन्मांत त्यानें पांच हजारांहून अधिक चित्रें घेतलीं. शेजारीपाजारी त्याला काय म्हणत असतील, याची कल्पना आपल्या गांवच्या अनुभवावरून करतां येईल.

आठ वाजेपर्यंत हें सारें काव्य होतें. आठ वाजतां नळास पाणी नाहीं असें कळलें; नळींतच गोठलें होतें. वीज गेली. दूधवाला आला नाहीं, कारण रस्ता बंद. मालकीण बाईंनीं फावडें काढलें आणि दारापासून वाटेपर्यंत हिम ओढण्यास आरंभ केला. आम्हीं दोघांनीं फावडें त्यांच्या हातून घेतलें खरें. परंतु सोलापूरच्या फावड्यास माती ठाऊक, हिम नव्हे. शेवटीं त्या हसून म्हणाल्या, "रहने दो, बेटा," आणि आम्ही तासांत केलें असतें तें काम त्यांनीं पावघटकेंत उरकलें.

शेगडीपाशीं चहा घेतांना त्या बोलूं लागल्या. त्यांचें माहेर कोटगढचें. माहेरीं सफरचंदांच्या बागा. कोटगढचें नांव काढलें कीं स्टोक्स साहेबांचें नांव येतेंच. सॅम्युएल स्टोक्स हे अमेरिकन गृहस्थ १९०४ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं ह्या डोंगरांत आले, येथेंच त्यांनीं लग्न केलें, पुढें सत्यानंद हें नांव घेतलें, आणि १९१६ च्या सुमारास अमेरिकेंतून सफरचंदाचीं उत्तम जातीचीं रोपें आणून त्यांनीं कोटगढास लावलीं. त्या रोपांवर आज सिमल्याच्या आसपासच्या खेड्यांचा संसार चालतो. सफरचंदाच्या झाडास हिवाळ्यांत सात अंशांखालची थंडी, ती सुद्धां हजाराहून अधिक तास मिळावी लागते. नाहीं तर वसंतांत मोहर धड फुटत नाहीं. शिवाय डोंगरावर पडलेलें हिम हळू हळू वितळून उन्हाळ्यापर्यंत मुळांना ओल देत राहतें. तेथील बागाईतदार त्यास 'पांढरें खत' म्हणतात. "पूर्वीं इतकें पडे कीं आम्ही मुली खिडकींतून बाहेर उतरत असूं," बाई म्हणाल्या, "आतां वाट पाहावी लागते." माझ्या डोळ्यांस जो देखावा होता तो त्यांच्या लेखीं पाऊस होता, आणि पावसाची वाट पाहणें म्हणजे काय, हें सोलापूरकरास कोणी शिकवावयास नको.

वहिनींनीं दिलेल्या चादरींपैकीं एक पुतण्यानें त्यांना दिली होती. ती दाखवून त्या कौतुकानें म्हणाल्या, "बहुत सुंदर है. जूनमें ओढूंगी." मी प्रथम चकित झालों, मग हिशेब करून पाहिला. जानेवारींतील सोलापूरची रात्र सरासरीनें सोळा अंशांच्या आसपास असते. सिमल्याची जूनमधील रात्रही जवळ जवळ तितकीच! आमच्या कडाक्याच्या थंडीचें पांघरूण तें त्यांच्या उन्हाळ्याचें पांघरूण ठरलें. हें मीं परत आल्यावर वहिनींना सांगितलें, तेव्हां त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे पोरानें आतां अंगावर घेतलें तरी काय?" घेतली होती बाईंनीं दिलेली पांच शेर कापसाची रजई.

दुपारीं आम्ही रिजवर गेलों. मैदानावर लोक हिमाचे गोळे करून एकमेकांस मारीत होते, नवीं जोडपीं छायाचित्रें काढीत होतीं. परततांना बाजाराच्या चढावर एक काश्मिरी हमाल भेटला. पाठीवर दोरानें बांधलेली गॅसची टाकी आणि घसरूं नये म्हणून बुटांवर गुंडाळलेलें गोणपाट. त्याच्या गांवीं ह्याहून अधिक हिम पडतें. तेथें काम नसतें म्हणूनच हिवाळ्यांत तो येथें येतो, असें पुतण्यानें सांगितलें. तो वर पाहत नव्हता. पुढचें पाऊल कोठें टाकावें, एवढाच भाग त्याला त्या साऱ्या पांढऱ्या देखाव्यांतून हवा होता.

मी सिमल्यास पांच दिवस राहिलों, आणि परतीचें तिकीट माझ्या खिशांत होतें. ज्यांच्या खिशांत तें नव्हतें अशा एका सोलापूरकराची आठवण मला त्या रात्रीं रजईत पडल्या पडल्या झाली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं आपल्या ह्या गांवांत झाला. चीनवर जपाननें आक्रमण केलें असतां राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक तिकडे धाडलें. १९३८ च्या सप्टेंबरांत तें मुंबईहून निघालें आणि १९३९ च्या फेब्रुवारींत येनानला पोंचलें. तेथें लोक पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांत राहत. पुढें डॉक्टर युद्धाच्या आघाडीकडे, उत्तरेच्या डोंगराळ मुलखांत गेले. सैबेरियाकडून येणारा कोरडा वारा, कित्येक आठवडे शून्याच्या खालीं राहणारा पारा, आणि त्यांत जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया! पाऱ्यानें चाळिशी ओलांडलेल्या वैशाखांत वाढलेल्या शरीरानें हें कसें सोसलें असेल? बरोबरचे सारे परत आले, हे राहिले. डॉ. बेथून यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तेथेंच त्यांनीं विवाह केला, १९४२ च्या ऑगस्टांत त्यांस मुलगा झाला, आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबर रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचा अंत झाला. सोलापुरांत त्या वेळीं शेतांत हुरड्याचीं कणसें भरत आलीं असतील.

परत आल्यावर मित्रांनीं विचारलें कीं आपल्याकडे हिम कां पडत नाहीं? थंडी कमी म्हणून, हें उत्तर खरें. पण तें अर्धेंच. आमची थंडी मुळांत निरभ्र आकाशाची थंडी आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली ऊब आकाशाकडे सोडते. वर ढगांचें पांघरूण नसलें कीं ती निसटून जाते आणि पहांटे काकडा भरतो. ढग आले कीं आमची थंडी पळते, आणि जोंधळ्यावर चिकटा पडण्याची भीति तेवढी उरते. सिमल्यास उलट: पश्चिमेकडून येणारे झंझावात ढग घेऊन येतात आणि तेच हिम देतात. तेव्हां आमच्याकडे थंडी असते तेव्हां ढग नसतो आणि ढग असतो तेव्हां थंडी नसते. हिमास दोन्ही एकदम हवीं. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं कधीं कधीं पहांटे गवत पांढरें होतें आणि लोक 'बर्फ पडला' म्हणून धांवत सुटतात. पण तें आकाशांतून पडलेलें नसतें. तेथल्या तेथें गोठलेलें दंव असतें. उत्साही मंडळींची ही समजूत मी मोडूं पाहत नाहीं; तेथील स्ट्रॉबेरीवाले मात्र रोपें झांकण्याच्या धांदलींत असतात.

दंव हेंच आमचें हिम. शाळूची पेरणी भाद्रपद-आश्विनांत होते. पाऊस निघून जातो, आणि पुढें तें पीक काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर व थंडीवर उभें राहतें. मंगळवेढ्याची ज्वारी साऱ्या महाराष्ट्रांत नांवाजलेली. मोहोळच्या संशोधन केंद्रांत निवडलेली मालदांडी अजून शेतकऱ्यांची आवडती आहे. पौषांत गोवऱ्यांच्या आगटीभोंवतीं बसून, पाठीला गारठा आणि तोंडाला ऊब अशा स्थितींत हातावर चोळलेला हुरडा ज्यानें खाल्ला, त्याला हिमप्रदेशाचा हेवा वाटण्याचें कारण नाहीं. आणि संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात, तेव्हां पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या माणसांनीं रस्ते असे भरून जातात कीं माळ्यावरून पाहणारास खालीं जमीन दिसत नाहीं.

ह्याच दिवसांत आपल्या जिल्ह्याची आणखी एक थंडी असते. ती शहरांतून दिसत नाहीं. कारखान्यांचीं धुराडीं पेटलीं कीं बीडकडून ऊंसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथें 'एक कोयता' म्हणतात. मोजदाद हत्याराची, माणसांची नव्हे. शेताच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभारून तीं माणसें चार-पांच महिने काढतात आणि पहांटे तीन-चार वाजतां फडांत उतरतात. गेल्या पौषांत पंढरपूरच्या रस्त्यानें पहांटे येतांना आमची गाडी बिघडली आणि अर्धा तास अशाच एका फडाजवळ थांबावें लागलें. पाचटाची शेकोटी पेटलेली होती, तेथें मीही जाऊन हात शेकले. यंत्रानें मोजली तर थंडी दहा-अकरा अंशांची असेल. सिमल्याच्या बाईंनीं तीस हंसून टाकलें असतें. मोळ्या बांधणारी एक बाई शेकोटीपाशीं क्षणभर आली. तिचें लुगडें गुडघ्यापर्यंत आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या चिंब होत्या.

"बाई, थंडी फार आहे," मी कांहीं तरी बोलावयाचें म्हणून बोललों.

"थंडीचं काय न्हाई, दादा," ती म्हणाली. "काम करताना ऊब येती. ह्ये दंव लई वंगाळ. पाल्यावरनं समदं अंगावर गळतं, आन् मग दिस वर येस्तवर वाळत न्हाई."

मला माझी काळी बाही आठवली. तिच्यावरचें हिम मीं झटकलें होतें आणि ती कोरडीच राहिली होती.

तिनें हात दोनदां शेकोटीवर धरले, एकदां मागें वळून पाहिलें आणि पुन्हां फडांत शिरली. बैलगाडीच्या दांडीस झोळी बांधलेली होती. तींत तिचें मूल निजलें होतें. त्याच्या अंगावर मोराच्या नक्षीची, कडेनें विरलेली, चौघडी केलेली सोलापुरी चादर होती.